सव्वापाचची फेरी

माइकवरचा माणूस पुन्हा एकदा म्हणाला, "प्रमुख पाहुणे निघालेले आहेत, फक्त पाच मिनिटं," आणि माझं डोकं फिरलं.

डिसेंबरचा गारठा, वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतलं मैदान, आणि एकसारखे टी-शर्ट घालून उभी असलेली सगळी वस्ती. टी-शर्टवर काकांचा फोटो, फोटोखाली लिहिलेलं 'प्रेरणास्थान'. काकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ धावण्याची शर्यत ठेवली होती आणि ती शर्यत पाहुण्यांसाठी खोळंबली होती. म्हणजे काय म्हणायचं याला? ज्या माणसानं बायकोसाठी पाऊल थांबवलं नाही, त्याच्या नावाची शर्यत कुठल्याशा पुढाऱ्याची गाडी येईना म्हणून उभी! लोक हात चोळत होते, सेल्फी काढत होते. कोपऱ्यात कोणीतरी टायर पेटवून शेकत बसलं होतं. काका असते तर आधी त्या टायरला लाथ बसली असती आणि मग माइकवाल्याची पाळी आली असती.

वेळ जावा म्हणून माइकवाल्यानं एक गोष्ट सांगितली. काकांकडे भाड्यानं राहणाऱ्या एका मुलीला त्यांनी भरतीच्या दिवशी मुद्दाम मागे सोडलं. मुद्दाम, कारण काकांना माणसाचं मन वाचता येत होतं. सोडलं म्हणूनच ती पेटून उठली, वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी मी. मी तिथेच, तिसऱ्या रांगेत, टी-शर्ट न घालता उभी होते, आणि मला कोणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. म्हणून आता मीच सांगते. मन वाचत होते म्हणे! त्या माणसाला समोरच्याचं तोंड वाचता येत नव्हतं.

काका एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. स्टँडवरच्या जाळीच्या खिडकीआड बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे माइकवर सांगणारा माणूस. नोकरीची शेवटची वर्षं देवळीच्या स्टँडवर काढली. वस्तीत सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत. त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी राहायला आले ती पोलीस भरतीसाठी. आमची गावी, आंजीला, पिठाची गिरणी. आधीच्या दोन्ही भरत्यांत मी मैदानात मागे पडले होते, आणि वयात बसणारी ही शेवटची. यंदा नाही जमलं तर येईल त्या स्थळाला हो म्हणायचं, असं बाबांनी बजावून पाठवलं होतं. त्यामुळे माझ्यासाठी तो हिवाळा म्हणजे गुलाबी थंडी वगैरे काही नव्हता.

पहिल्याच संध्याकाळी मी खाली जाऊन त्यांना म्हटलं, "काका, मले पहाटे पळाले जा लागते, पण थंडीत जागच येत नाई. तुम्ही जाता ना फिराले? मले उठवसान का?"

काका दारात उभे होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट. आत काकू शाल पांघरून बसलेल्या.

"मी उठवणारा नाई," ते म्हणाले. "मी सव्वापाचले निघणारा. यायचं असन तं येजो." आणि दार लावून घेतलं.

मी वर जाऊन उशीला चार बुक्क्या मारल्या. दुसऱ्या दिवशी गजर झाला, मी तो बंद केला, रजई डोक्यावर ओढली. तेवढ्यात अंगणातून आवाज आला. खणखणीत, स्टँडवरचा: "प्रवाशांनी लक्ष द्यावे. पिपरी ते बायपास, मार्गे पानठेला, सव्वापाचची फेरी फलाटाला लागली आहे." मग फाटकाची कडी वाजली. मी बूट शोधेपर्यंत रस्ता रिकामा.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मी त्यांच्या मागे धावू लागले. उगाच नाही, चिडून. फाटकापर्यंत येऊन मी हाक मारायची, "काका, थांबा ना जी, लेस बांधते!" आणि तो माणूस मान न वळवता ताडताड पुढे. चालायचेच ते, पळायचे नाहीत, पण त्यांचं चालणं असं की गाठायला माणसाला पळावंच लागे. एकदा गाठून मी विचारलं, "मांगं वळून पाहाले का होते तुम्हाले?"

"ड्रायव्हर मांगं पाहात नसते. आरसा असते त्याच्यासाठी."

"तुमच्याजवळ कुठं हाय आरसा?"

"म्हणूनच नाई पाहात."

असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मी दात खाऊन पुढे पळत सुटायची, बायपासला वळसा घालून परत यायची, आणि ते आपले त्याच चालीनं चाललेले असायचे.

अकादमीतले आमचे मास्तर चांगले होते. ते पाऊल कसं टाकायचं, श्वास कसा घ्यायचा हे शिकवत. काकांना यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. एकदा त्यांनी मला तोंड उघडं ठेवून पळायला सांगितलं. मी ऐकलं आणि त्या थंडीत दिवसभर माझे दात ठणकले. दुसऱ्या दिवशी मी तक्रार केली तर म्हणाले, "मंग बंद ठेव." झालं! म्हणून 'मार्गदर्शक' हा शब्द कोणी त्यांच्या नावापुढे लावला की मला हसू येतं.

त्यांचा खरा राग होता शेकोटीवर. आमच्या वळणावर पानठेल्याजवळ भरतीची पोरं पहाटे जमत. पळायला म्हणूनच येत बिचारी. पण कोणीतरी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवायचा, मग हात शेकायचे, मग पाय, मग मोबाईल निघायचे, आणि उजाडल्यावर सगळे जसे आले तसे घरी. काका त्या शेकोटीला 'डेपो' म्हणत. "डेपोत गेलेली गाडी आज बाहेर येत नसते," म्हणायचे, आणि चालता चालता बुटानं माती ढकलून ती विझवायचे. पोरं खवळायची. एकानं तर त्यांच्या अंगावर धावून जाऊन विचारलं, "ओ कंट्रोलर, तुमच्या बापाचा रस्ता हाय काय?"

"रस्ता कोणाच्या बापाचा नाई. भरती तुझ्या बापाची हाय काय?"

पोरगा मागे सरकला. पण दुसऱ्या दिवशी शेकोटी पुन्हा होतीच, थोडी आतल्या बाजूला, काकांचा पाय पोचणार नाही अशी.

नवीन वर्षाच्या आसपास वस्तीतले साहेब लोक फिरायला निघत. कोरे बूट, कानटोप्या, हातात पाण्याच्या बाटल्या, कानात गाणी. काका त्यांना 'जादा गाड्या' म्हणत. यात्रेपुरत्या सोडतात ना, तशा. संक्रांतीचा तिळगूळ खाऊन झाला की रस्ता पुन्हा मोकळा. त्यातल्या एका साहेबांनी एकदा काकांना बाजूला घेऊन मोठ्या आपुलकीनं विचारलं, "कंट्रोलर साहेब, तुम्ही मोटिव्हेशन कुठून आणता? मले थंडीत मोटिव्हेशनच येत नाई."

काका असे भडकले की पानठेलेवाला खोका सोडून बाहेर आला.

"मोटिव्हेशन? का असते ते? सकाळची पुलगाव गाडी सुटाची तवा ड्रायव्हरले कोणी मोटिव्हेशन देत होतं काय? थंडी हाय म्हणून फेरी रद्द, असं कोणाले सांगता आलं असतं काय मले? लोक शिव्या घालत होते शिव्या! तुमाले तुमचे पाय शिव्या घालत नाईत म्हणून तुमी झोपता!"

साहेब दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या रस्त्यानं फिरायला लागले. आणि आता शर्यतीच्या मांडवात पहिल्या खुर्चीवर कोण बसलं होतं? तेच. छातीवर काकांचा फोटो लावून. मला उठून विचारावंसं वाटलं, कोणत्या रस्त्यानं आलात आज?

हे सगळं ऐकून काका थोर होते असं कोणाला वाटत असेल तर काकूंचं ऐकावं. देवळीला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. निघायची वेळ काकांनी सकाळीच सांगून ठेवली होती. लग्न लागायला उशीर झाला, पंगत उशिरा बसली, काकू जेवायला बसल्या, आणि वेळ झाली. काका उठले, स्कूटर काढली, घरी आले. एकटे. काकू वाढलेलं पान टाकून बाहेर धावल्या तर धूळ दिसली फक्त. साऱ्या वऱ्हाडासमोर! मग त्या एसटीनं आल्या. ही गोष्ट त्यांनी मला सांगितली तेव्हाही कपाळावर हात मारून घेतला.

"याह्यले माणूस नाई दिसत वं माय, घड्याळ दिसते. मी मेली तरी म्हणन, वेळेत उचला."

मी एकदा काकांना विचारलं होतं, असं का वागता म्हणून. मला वाटलं होतं, काहीतरी झालं असेल कधी, कोणासाठी गाडी थांबवली असेल आणि घात झाला असेल. ते माझ्यावरच ओरडले, "कारण कायले पाहिजे? निघायची वेळ झाली का निघायचं. तुम्ही लोकं थांबता, त्याले कारण विचारा!"

जानेवारीत मला ताप आला. छाती भरली, उठवेना. पहाटे अंगणात आरोळी झाली, मी पडून राहिले. वाटलं, आज तरी जिन्याशी येऊन विचारतील, पोरी, बरं नाही का? कडी वाजली आणि बूट गेले. मी तापात उठून खिडकीतून एक चप्पल भिरकावली त्यांच्या दिशेनं. ती कण्हेरीत अडकली. ते परत आले तेव्हा काकू मला काढा द्यायला वर आल्या होत्या. जिन्याखालून काकांचा आवाज आला, "फेरी रिकामी गेली आज." एवढंच. काकू म्हणाल्या, "हे त्याह्यचं विचारणं हाय." मी म्हटलं, असलं विचारणं नको मला. चप्पल मात्र दुपारी जिन्याच्या पायरीवर आणून ठेवलेली होती.

थंडी सरायच्या आत मैदानी चाचणीची तारीख आली. वर्ध्याला पोलीस मैदानावर पहाटेच हजर व्हायचं होतं. काकू म्हणाल्या, हे नेऊन सोडतील स्कूटरनं. काकांनी नाही म्हटलं नाही. म्हणाले, "सव्वापाच." मी म्हटलं, माहीत आहे.

त्या दिवशी मी वेळेआधी तयार होते. जिना उतरत होते आणि फाटकापाशी मोटरसायकल थांबली. बाबा. अंगावर घोंगडं, डोक्याला उपरणं, आंजीपासून थंडीत गाडी चालवून डोळे लाल झालेले.

"चाल घरी," बाबा म्हणाले. "हिंगणघाटचे पाहुणे येऊन राह्यले आज. काल रातच्याले निरोप आला. पोरगा नोकरीवाला हाय."

"बाबा, आज माझं ग्राऊंड हाय!"

"दोनदा झालं ना तुझं ग्राऊंड? काय निघालं त्याच्यातून? चाल म्हणतो ना."

मी ओरडत होते, बाबा ओरडत होते, वस्तीतली कुत्री ओरडत होती. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. आणि काका? त्यांनी स्कूटर अंगणातून बाहेर काढली, किक मारली, बसले. हे सगळं त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर चाललं होतं. त्यांनी एक शब्द टाकला असता तर बाबांनी ऐकलं असतं. वयानं मोठे, घरमालक, सरकारी नोकरी केलेले. मी त्यांच्याकडे पाहिलं. अक्षरशः हात जोडले.

"काका, दोन मिनिटं थांबा. बाबाले सांगा ना जी तुम्ही."

"टाइम झाला," काका म्हणाले, आणि गेले.

गेले! मागची सीट रिकामी, ज्या मुलीला न्यायचं ती फाटकात उभी, आणि हा माणूस एकटाच भरतीला निघाला. मी जन्मात कोणाचा इतका राग केला नव्हता. माझ्या तोंडून जी शिवी गेली ती मी बाबांसमोर कधी दिली नसती. पण बाबांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते लांब जाणाऱ्या स्कूटरच्या लाल दिव्याकडे पाहत होते.

"अरे! हा तं खरंच गेला!" बाबा म्हणाले. "माझी पोरगी इथं उभी अन् हा सोडून जाते? कोण समजते सोताले? बस मांगं!"

"कुठं?"

"बस म्हटलं ना! पुढच्या थांब्यावर धरतो त्याले."

आमच्याकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. एसटी सुटली की तिच्या मागे कोणी जात नाही. कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसायचं, आडव्या रस्त्यानं घुसायचं आणि पुढच्या थांब्यावर गाडीच्या आधी जाऊन हात दाखवायचा. बाबांनी आयुष्यभर हेच केलेलं. त्यांनी मोटरसायकल नाल्याच्या कडेनं, वस्तीच्या मागून घातली. थंडीनं माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बाबा काकांना शिव्या देत होते, मी काकांना शिव्या देत होते, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आम्हा दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

पहिल्या चौकात काका नाहीत. "पुढं गेला असन," बाबा म्हणाले आणि गाडी दामटली. पुढच्या चौकातही नाहीत. असं करत करत आम्ही थेट मैदानाच्या फाटकाशी येऊन थांबलो. तिथेही काका नाहीत. पोरींची रांग आत चालली होती. फाटकावरच्या शिपाईबाईंनी माझ्या हातातलं प्रवेशपत्र पाहिलं आणि म्हटलं, "उमेदवार आत. पालक बाहेर थांबा."

बाबा पालक म्हणून बाहेर थांबले. हिंगणघाटचे पाहुणे त्यांना तेव्हा आठवले असतील, पण मी तोवर रांगेत शिरले होते.

त्या धावण्याबद्दल लोक फार रंगवून सांगतात. मला फक्त एवढं आठवतं की मी पूर्ण वेळ काकांच्या पाठीमागे पळत होते. ती पाठ, तो अर्ध्या बाह्यांचा शर्ट, ती न वळणारी मान. आज गाठायचंच आणि समोर जाऊन तोंडावर बोलायचं, एवढंच डोक्यात. रेषा कधी ओलांडली कळलं नाही. बाजूला जाऊन मी ओकले, आणि शिट्टीवाल्या बाईंनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, चांगलं झालं तुझं. पुढे लेखी झाली, यादी लागली, यादीत नाव आलं. ते सगळं नंतर.

परतताना बाबा गाडी सावकाश चालवत होते. फाटकाशी उभं राहून इतर पोरींचे बाप त्यांच्याशी काय बोलले कोण जाणे. एकदाच म्हणाले, "पाहुण्यायले फोन करून सांगतो, पोरगी ड्युटीवर जाणार हाय म्हणून." आणि मग लगेच, "पण त्या कंट्रोलरले मी सोडत नाई." मीही सोडणार नव्हते. काय काय बोलायचं ते मी रस्ताभर मनात लावून ठेवलं होतं.

घराशी आलो तेव्हा चांगलं ऊन वर आलं होतं. फाटकाबाहेर स्कूटर उभी होती. तोंड वर्ध्याकडे. काका तिच्यावर बसलेले, दोन्ही पाय जमिनीवर, हात हँडलवर. काकू बाजूला कपबशी घेऊन उभ्या. चहावर साय आलेली.

"कवाचे बसले हाय," काकू आम्हाला पाहताच म्हणाल्या. "चौकातूनच वापस आले. तुमी तवर गेल्ते. मी सांगतलं, पोरगी बापाच्या गाडीवर गेली, तर म्हणे बापानं गावाले नेली असन तिले, वापस आणन तो. चहा नाई, पाणी नाई, घरात येत नाईत. म्हणते, पोरगी येऊन राह्यली असन."

बाबांना ते ऐकू आलंच नाही. ते गाडीवरून उतरले आणि सुटले, "ओ कंट्रोलर! पोरगी पळून आली तिकडं, पास होऊन आली, अन् तुमी इथं बसले? लाज वाटते काय? हात जोडत होती ती तुमच्यापुढं!"

काकांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. बुटांना मैदानाची लाल माती लागलेली होती.

"ग्राऊंड झालं?" त्यांनी मला विचारलं.

"निघालं, पास झाली," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. मी त्यांना शेकोटीवर चिडलेलं पाहिलं होतं, साहेबांवर चिडलेलं पाहिलं होतं, पण असे नाही.

"मंग मी सकाळपासून कोणाची वाट पाहून राह्यलो?" ते ओरडले. "आं? कोणाची वाट पाहून राह्यलो मी इथं?"

ते स्कूटरवरून उतरले. एवढा वेळ एका जागी बसून पाय आखडले होते, त्यांना धड चालता येईना. काकूंनी हात पुढे केला तो झटकून ते आत गेले आणि दार आपटलं.

रस्ताभर लावून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडात तसंच राहिलं. मी जिन्यावर बसले आणि रागानं रडले. बाबांना वाटलं पास झाल्याचा आनंद आहे, ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. आनंद कसला! तो माणूस उभ्या आयुष्यात एकदाच कोणासाठी तरी मागे वळला, आणि मी आडव्या रस्त्यानं निघून गेले होते.